रिकामी खूण

१

मेंदूच्या लाटा टिपणारी तारांची टोपी घालण्याआधी केस धुवावे लागतात आणि टोपी काढल्यावर पुन्हा धुवावे लागतात. मीर्यानं आजवर शेकडो डोकी अशी दोनदोनदा धुतली होती. विद्यार्थ्यांची, मास्तरांची, सिनेमाच्या फुकट तिकिटासाठी चाचणीला आलेल्या पोरांची. नवऱ्याचं डोकं मात्र ती लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदाच धूत होती.

इल्का चाकाच्या खुर्चीत मान मागे टेकून बसला होता. डोळे उघडे. मार्च सरताना तळ्यावरचा बर्फ पातळ होतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, तरी तो भोक पाडून मासे धरायला गेला आणि बर्फानं त्याला आत घेतलं. बाहेर काढलं तेव्हा हृदय थांबलं होतं. ते पुन्हा चालू झालं. बाकीचं चालू झालं की नाही हे मे उजाडला, बर्चच्या झाडांना पालवी आली, तरी कुणाला सांगता येत नव्हतं. घास तोंडात ठेवला तर तो गिळायचा. हात हातात घेतला तर घेऊ द्यायचा.

गुरुवारी वरच्या वॉर्डात बैठक होती. डॉक्टर लिंडरूस यांनी आडपडदा ठेवला नव्हता. सांगितलेलं त्याला कळतं आणि तो त्याप्रमाणे करतो, एवढा एक पुरावा द्या, मग व्यायाम, वाचेचे उपचार, सगळं चालू ठेवू. नाहीतर त्याला लांबच्या एका शुश्रूषागृहात हलवायचं होतं. तिथं माणसाला स्वच्छ ठेवतात आणि खिडकीशी बसवतात. मीर्याला त्या खिडकीची भीती वाटत होती.

घरच्या माणसाची चाचणी आपण करायची नाही, असा इस्पितळाच्या तळघरातल्या तिच्या प्रयोगशाळेचा अलिखित नियम होता. तो मीर्यानंच घालून दिला होता. आता ती स्वतःच तो मोडत होती आणि मोडताना तिला जराही लाज वाटत नव्हती.

"चल रे राजा, बायकोच्या हाताखाली आलास शेवटी," नर्स सोइली म्हणाली. सोइली निवृत्तीला आलेली, वॉर्डातल्या सगळ्यांना राजा म्हणणारी. चाचणी चालू असताना पेशंटपाशी कुणीतरी हवं, म्हणून ती विणकाम घेऊन आत बसणार होती.

आत म्हणजे तांब्याचा पत्रा मढवलेल्या खोलीत. बाहेरची वीज, रेडिओ, मोबाइल काही आत शिरू नये म्हणून ती तशी बांधलेली. दार शीतगृहाच्या दारासारखं जाड. भिंतींना टोकदार राखाडी फोम, समोर पडदा, वर मंद दिवा. दार लागलं की कानात आपलंच रक्त ऐकू येतं. नवखी माणसं त्यालाच यंत्राचा आवाज समजतात.

पडद्यावर चेहरे येत. तीनचार अनोळखी चेहरे, मग मध्येच मीर्याचा. तो फोटो इल्कानंच काढलेला, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर, ओल्या केसांचा. आधी आरामाची फेरी, म्हणजे काहीच सांगायचं नाही, नुसतं दाखवत राहायचं. मग कामाची फेरी. त्यात सांगायचं, "माझा चेहरा आला की मनात मोज."

एका चेहऱ्याला मेंदू काय म्हणाला ते कधीच कळत नाही, डोक्यात सतत गलका चालू असतो. पण तोच चेहरा पुन्हा पुन्हा दाखवून सगळ्या रेघांची सरासरी काढली की गलका पाखडला जातो आणि दाणा सुपात राहतो. चेहरा बदलल्याचं मेंदूला आपोआप कळलं, तर रेघेत लवकर एक छोटा खळगा पडतो. झोपेला आलेल्या माणसालाही पडतो. पण माणसानं स्वतः लक्ष घातलं, तर त्यानंतर एक मोठी टेकडी उभी राहते. रिस्तो, मीर्याचा पंधरा वर्षांपासूनचा सहकारी, नव्या पोरांना सांगायचा, "खळगा म्हणजे मेंदूनं बघितलं. टेकडी म्हणजे माणसानं बघितलं."

सोमवारी दुपारी इल्काच्या रेघेत मीर्याच्या चेहऱ्याला खळगा होता. दोन्ही फेऱ्यांत. टेकडी नव्हती, आणि हेच तिला बघायचं नव्हतं.

२

"जरा इकडे ये," रिस्तो म्हणाला. "हे तू बघितलंस का?"

तो रिकाम्या खुणा बघत होता. हीसुद्धा मीर्याचीच शिस्त. प्रत्येक चाचणीत अधूनमधून चित्राची वेळ येते, संगणक खूण करतो, पण चित्र दाखवतच नाही. पडदा राखाडीच राहतो. तिथं रेघ सपाट यायला हवी. सपाट आली म्हणजे लाटा डोक्यातून येतायत, यंत्रातून नाही, याची खात्री. बाकीच्या प्रयोगशाळा हसायच्या, वेळ घालवते म्हणायच्या. मीर्या म्हणायची, जो रिकामं मोजत नाही त्यानं भरलेलं मोजू नये.

इल्काच्या रिकाम्या खुणांवर टेकडी होती.

लहानसहान नव्हे. चांगली उंच, गोलसर, पाठ्यपुस्तकात छापावी अशी. दोन्ही फेऱ्यांत. चेहऱ्यांना नाही, चेहऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेला.

मीर्या खुर्चीत बसली. तिला रडू आलं आणि ते तिनं येऊ दिलं. "तो आहे," ती म्हणाली. "रिस्तो, तो आत आहे."

"आहे खरा. पण करतोय काय तो?"

बुडत्याला काडीचा आधार, हे तिलाही कळत होतं. म्हणून मंगळवारी सकाळी दोघांनी यंत्र उलटंपालटं केलं. पडद्याच्या कोपऱ्यावर प्रकाशमापक चिकटवला. रिकाम्या वेळी पडदा खरोखर राखाडी होता, एक ठिपका हलत नव्हता. पंखा बंद करून बघितला. तारा बदलल्या. मग दुकानातून कलिंगड आणून त्याला टोपी घातली. जेल भरून त्याला पडद्यासमोर बसवलं, कारण ओल्या गोल वस्तूतून यंत्र आपणच काही लाटा काढत असेल तर तिथं पकडलं जातं. कलिंगडाची रेघ सपाट आली. मग रिस्तो स्वतः बसला. त्याच्या चेहऱ्यांना खळगे, टेकड्या, सगळं जिथल्या तिथं. रिकाम्या खुणा सपाट.

"कलिंगड बेशुद्ध आहे, मी शुद्धीवर आहे, यंत्र ठीक आहे," रिस्तो डोकं पुसत म्हणाला. "खोलीत काही नाही."

कलिंगड त्यांनी कापून खाल्लं. खाताना मीर्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि तिनं ती पुन्हा चुकचुकू दिली नाही. खोलीत काही नाही हे तपासताना इल्का खोलीत नव्हता.

३

त्याच दुपारी सोइलीनं आत बसायला नकार दिला.

"वारा लागतो मला तिथं," ती म्हणाली.

"पंखा आपण बंद केलाय."

"मग वारा नसेल." सोइलीनं विणकामाची पिशवी उचलली आणि अर्धवट मोजा दाखवला. "हे बघा. टाके चुकलेत. चाळीस वर्षं विणतेय, टीव्ही बघत विणते, भांडत विणते, कधी चुकले नाही. खाली बघितलं की वाटतं कुणीतरी डोळ्यांपुढून गेलं. वर बघितलं की नाही. पुन्हा खाली बघितलं की पुन्हा. म्हातारपण आलं, दुसरं काय. पण मी बाहेर बसते."

तिच्या बोलण्यात भीती नव्हती, थोडा संकोच होता. मीर्यानं तिला कॉफी दिली आणि स्वतः आत बसायचं ठरवलं. बसायचंच आहे तर टोपी घालून बसू, असं तिनं रिस्तोला सांगितलं. एकाच वेळी दोन डोकी. तुलनेला बरं.

खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या. इल्का तिच्या डाव्या हाताला. समोर पडदा, आणि पडद्याच्या उजवीकडे कोपऱ्यात दार. तिनं गुडघ्यावर मासिक उघडलं. एका उन्हाळी बंगलीला रंग कसा द्यावा यावरचा लेख होता. तिला काही करायचं नव्हतं, ही आरामाची फेरी.

चेहरे येत राहिले. ती वाचत राहिली. एकदा दोनदा तिला पान उलटल्यासारखं वाटलं, पण पान तिनं उलटलं नव्हतं. डोळ्याच्या कडेला काहीतरी किंचित गडद होऊन पुन्हा उजळायचं, पापणी लवल्यासारखं. दमले आहे मी, ती मनात म्हणाली, आणि ते खरंही होतं. दोन महिने ती नीट झोपली नव्हती.

ती बाहेर आली. रिस्तोनं तिची रेघ पडद्यावर आणली. रिकाम्या खुणांवर खळगा होता. छोटा, स्वच्छ, एकसारखा.

"मी काहीच बघितलं नाही," मीर्या म्हणाली.

"तू नाहीस बघितलं. तुझ्या मेंदूनं बघितलं."

मग त्यांनी कामाची फेरी केली. या वेळी रिस्तोनं तिला सांगितलं, चेहरे सोड, रिकाम्या वेळा मोज. तिनं डोळे फाडून मोजल्या. राखाडी पडदा, राखाडी भिंत, कोपरा, दार. काही नव्हतं. रेघेत खळगा तेवढाच, आणि त्या जागेला टेकडी नाही. शेजारी बसलेल्या इल्काच्या रेघेत मात्र दर खेपेला टेकडी होती.

"आणि हे बघ," रिस्तो म्हणाला. खोलीतला छोटा कॅमेरा इल्काचे डोळे टिपत होता. चेहरा पडद्यावर असेपर्यंत ते डोळे पडद्याच्या दिशेनं सैल पडलेले असत. पडदा रिकामा झाला की उजवीकडे सरकत, दाराच्या बिजागरीच्या उंचीवर थांबत. डॉक्टरांनी कितीदा बोट फिरवलं, दिवा फिरवला, हे डोळे कशाच्याही मागे गेले नव्हते. इथं ते जात होते, आणि थांबतही होते.

४

बुधवारी दोघं कॉफीच्या खोलीत बसले. दालचिनीचे पाव तसेच राहिले. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, पार्किंगमध्ये कुणीतरी हिवाळी टायर बदलत होतं.

"बायकांना नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचंच असतं," रिस्तो म्हणाला. "तुझ्याकडे यंत्र होतं, एवढाच फरक." तो हसला, पण त्याच्याच्यानं फार वेळ हसवेना.

"तू सांग, काय असेल?"

"मला काय माहीत? आपण दोघं शास्त्र शिकलेली माणसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इल्का नाही, तर सपाट. इल्का आहे, तर खळगा. म्हणजे जे काय आहे ते त्याच्याबरोबर येतं."

"किंवा माझ्या डोक्यानं त्याच्या डोक्याची नक्कल केली. शेजारी बसलं की जांभईसुद्धा लागते."

"लागते. हे लिंडरूसना सांगशील?"

तिनं नकारार्थी मान हलवली. लिंडरूसना रिकाम्या खुणेवरची टेकडी दाखवली असती तर ते म्हणाले असते, यंत्राचा दोष. त्यांच्या जागी ती असती तर तीही तेच म्हणाली असती. त्यांना सांगितल्याप्रमाणे करणारा इल्का हवा होता. भलतीकडे बघणारा नको होता.

तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते वेगळंच, आणि ते तिनं रिस्तोला बोलून दाखवलं. "तो लक्ष देऊ शकतो, रिस्तो. माझ्याकडे देत नाही. दोन महिने मी त्याच्या तोंडासमोर बसून बोलतेय, आणि तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतोय. मला वाटायचं तो हरवलाय. हरवलेला नाही. गुंतलाय."

"बर्फावर बसायचा तेव्हाही असाच बसायचा की. तासन् तास त्या भोकाकडे. आपण हाक मारली तरी वळायचा नाही."

"तेव्हा तो वाट बघायचा. ती बघण्याची तऱ्हा मला माहीत आहे. खांदे सैल असायचे." तिनं कप बाजूला सारला. "आता त्याचे खांदे बघ तू. सोइली म्हणते, रोज मालीश करते तरी दगडासारखे असतात. डोळ्यांत तेल घालून पहारा करणाऱ्या माणसाचे असतात तसे."

रिस्तोनं पावाचा तुकडा तोडला आणि खाल्ला नाही. "तसं असेल, तर पहारेकऱ्याला हाक मारावी का?"

"उद्या बैठक आहे," मीर्या म्हणाली.

  पहारा, कोपरा, बिजागरी, हे सगळं सुचतं ते झोप नसलेल्या डोक्याला, असं ती स्वतःला बजावत होती. शुश्रूषागृहाची खिडकी मात्र खरी होती. त्या खिडकीचा फोटो त्यांच्या माहितीपत्रकात होता.

५

गुरुवार. वरच्या कँटीनमधून वाटाण्याच्या सूपचा आणि पॅनकेकचा वास तळघराच्या जिन्यापर्यंत येत होता. बैठक दुपारी होती.

मीर्यानं इल्काचं डोकं धुतलं, टोपी चढवली, एकेका छिद्रात जेल भरलं. मग स्वतःची टोपी घातली. रिस्तोनं दोघांच्या तारा जोडल्या आणि बाहेर जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. दार लागलं. कानात रक्त ऐकू यायला लागलं.

ती इल्काच्या कानाशी वाकली. एवढे दिवस जे तिनं मोठ्यानं म्हटलं नव्हतं ते आता म्हणाली.

"इल्का, तिकडचं सोड. ते जे काय असेल ते असू दे. थोडा वेळ त्याच्याकडे नको बघू. माझ्याकडे बघ. माझा फोटो आला की मोज, बाकी काही करू नकोस. मी आहे ना इथं. तू एकटा नाहीस."

ती सरळ बसली. चेहरे सुरू झाले. अनोळखी, अनोळखी, अनोळखी, ती. अनोळखी, रिकामं, अनोळखी. तिनं मासिक आणलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती पडद्याकडे बघत होती आणि मनात एकच गोष्ट मागत होती.

बराच वेळ काही नाही. मग स्पीकरमधून रिस्तोचा आवाज आला, दबलेला. फेरी चालू असताना तो कधी बोलत नसे.

"मीर्या, तुझ्या चेहऱ्याला टेकडी येतेय."

तिनं श्वास धरून ठेवला.

"वाढतेय. हे बघ, आणखी एक. अगं, तो मोजतोय तुला. तो मोजतोय."

मीर्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, हनुवटीपर्यंत गेलं. तिनं ते पुसलं नाही, इलेक्ट्रोड हलले असते. शेजारी इल्काचा श्वास बदलला होता. लांब, खोल, ओझं खाली ठेवलेल्या माणसाचा. तिला न बघताही कळलं की त्याचे खांदे खाली आले आहेत. दोन महिन्यांत तिला इतका आनंद झाला नव्हता, आणि खरं तर त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांतही झाला नव्हता.

"कॅमेऱ्यात बघतोय मी," रिस्तो म्हणाला. "पडद्याकडेही नाही बघत आता. मान वळवलीय त्यानं. तो तुझ्याकडे बघतोय. खऱ्या तुझ्याकडे. लिंडरूसना आत्ता खाली बोलावतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत."

ती त्याच्याकडे वळणारच होती. तेवढ्यात पडदा रिकामा झाला.

डोळ्याच्या कडेला ते गडद होणं आलं, आणि या वेळी उजळलं नाही. तिनं उजवीकडे बघितलं.

दाराशेजारच्या कोपऱ्यात भिंतीवरचा फोम दबलेला होता. एका उभ्या पट्ट्यात, खालपासून बऱ्याच वरपर्यंत, सगळी टोकं आत चेपलेली. खूप वेळ कुणी पाठ टेकून उभं राहावं, तशी. त्या जागी कुणी नव्हतं. ती बघत असतानाच खालची टोकं हळूहळू सुटायला लागली. एकेक करून वर येत होती, फोम दाबून सोडला की येतो तशी. मग मधली. मग वरची.

म्हणजे जे टेकून उभं होतं ते पुढे झालं होतं.

पडद्यावर चेहरा आला, गेला. तिनं नजर हलवली नाही. भिंत आणि तिच्यामध्ये खोलीची हवा होती, आणि त्या हवेत एका ठिकाणी दिव्याचा उजेड जसा पडायला हवा तसा पडत नव्हता. त्या ठिकाणाला उंची होती. ती तिथंच बघत राहिली, आणि बघते आहे तोवर ते ठिकाण जागचं सरकत नव्हतं. क्षणभर अश्रूंनी तिची नजर धूसर झाली. पुन्हा बघितलं तेव्हा अंतर कमी होतं.

"इल्काच्या रिकाम्या खुणा सपाट झाल्या," स्पीकरमधून रिस्तो सांगत होता. त्याचा आवाज अजून आनंदी होता. "अगदी कलिंगडासारख्या. सुटला तो त्यातनं." मग तो थांबला. "मीर्या. तुझ्या नाहीत सपाट. तुझ्या रिकाम्या खुणांना... तू कशाकडे बघतेयस?"

तिनं पापणीही लवू दिली नाही.

"मी येतो. दार उघडतो."

"दार उघडू नकोस," मीर्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, विद्यार्थ्यांना सूचना देताना असायचा तसा. "रिस्तो, इल्काला इथून न्यायचंय. पण मी सांगेन तेव्हा. माझ्याशी बोलत राहा, आणि मला वळायला लावू नकोस."

तिच्या डाव्या बाहीवर काहीतरी टेकलं. बोटं होती. अशक्त, थरथरणारी, ओळखीची. ती बाहीवरून मनगटापर्यंत आली आणि तिथं त्यांनी घट्ट धरलं.

"मीर्या," इल्का म्हणाला. दोन महिने न वापरलेला, गंजलेला आवाज. तिच्या अगदी जवळ, गालाशी. "मीर्या. बघ ना."

त्याच्याकडे बघायला तिचा जीव तुटत होता.

"हो रे," ती म्हणाली, कोपऱ्याकडे बघत. "मी आहे इथंच."